मागचा उजवा

शेवटी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी हत्तीला बशीतून चहा पाजला.

असं काही झालेलं नाही. हे वाक्य चुकून आधी आलं. ते तुम्ही वाचलं नाही आणि मी लिहिलं नाही. मुळात त्या गृहस्थांना प्राणी आवडत नाहीत, ते तेव्हा माझे होणारे सासरे नव्हते, आणि त्यांच्या घरात बशा फक्त सरकारी पाहुण्यांसाठी काढतात. तेव्हा आपण सुरुवातीपासून जाऊ.

सुरुवात अशी, की मला मित्र नव्हते.

हे मला माहीत नव्हतं. आपल्याला मित्र नाहीत हे माणसाला सहसा कळत नाही, कारण सांगणार कोण. मला ते तिच्या वडिलांनी सांगितलं. ती म्हणजे जिच्याशी मला लग्न करायचं होतं ती. आम्ही दोघं मिक्सरच्या कारखान्यात कामाला. ती तपासणी विभागात, म्हणजे मिक्सर मरेपर्यंत चालवायचा आणि कशानं मेला ते कळवायचं. मी मिक्सरसोबत खोक्यात येणारी माहितीपुस्तिका लिहितो. 'वापरण्यापूर्वी सर्व सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात' हे माझं सगळ्यात खपलेलं वाक्य. ते घरोघरी गेलं आणि कोणीही वाचलं नाही.

अपवाद एक. तिचे वडील वजनमापं निरीक्षक होते. आता निवृत्त झालेत, पण ते फक्त कार्यालयाच्या मते. जन्मभर दुकानदारांची वजनं तपासलेला माणूस; समोर खुर्ची ठेवली तरी आधी ती हलते का बघणार. पहिल्या भेटीत त्यांनी माझीच पुस्तिका समोर ठेवली.

"पान तीनवर म्हणता, भांडं घट्ट बसल्याशिवाय बटण दाबू नये."

"हो काका."

"पान पाचवर म्हणता, बटण दाबल्याशिवाय भांडं घट्ट बसणार नाही."

"हो काका."

"आमचा मिक्सर ओट्यावर नुसता का उभा आहे ते आता तुम्हाला कळलं असेल."

मग त्यांनी माझी नोकरी, माझं घर, माझी आई आणि माझी उंची याबद्दल विचारलं. उंचीवर त्यांचा विश्वास बसला नाही. नंतर म्हणाले, "मित्र?"

"आहेत की."

"कोण?"

वाढदिवसाला मला आठवणीनं शुभेच्छा कोण देतं, याचा मी झटकन विचार केला. एक बँक आणि एक चष्म्याचं दुकान. दोघांपैकी कोणालाही चहाला आणता आलं नसतं.

"तीन आहेत," मी म्हणालो. "एक टेलर आहे, एक दातांचा डॉक्टर आहे आणि एक बसस्थानकावर असतो."

दातांचा डॉक्टर म्हटल्यावर त्यांचा हात गालाकडे गेला आणि परत आला. "रविवारी पाच वाजता तिघांना घेऊन या. मित्र नसलेला माणूस म्हणजे शिक्का नसलेलं वजन. दिसतं किलोसारखंच. पण मी ते दुकानात ठेवू देत नाही."

"आणि नाही आणले तर?"

"तर सोमवारपासून ही मिक्सर तपासेल आणि तुम्ही पुस्तिका लिहाल. आज जसं आहे तसंच, जन्मभर."

ती मला सोडायला खाली फाटकापर्यंत आली.

"तीन कुठून काढलेस रे?"

"आहेत. म्हणजे होते. शाळेत."

"आणि आता?"

"वेगळे झालो."

"भांडलात?"

"भांडलो नाही. हत्तीचे दोन भाग झाले."

ती फाटकाची कडी लावायची थांबली. तिला पुढचं सगळं सांगावं लागलं, ते तुम्हालाही सांगतो.

दहावीच्या स्नेहसंमेलनात आमच्या बाईंनी नाटक बसवलं होतं. नाटकात एक हत्ती होता. हत्तीला चार मुलं लागतात, एका पायाला एक. ज्याला वाक्य पाठ होत नाही, ज्याला गाता येत नाही, ज्याला नाचता येत नाही आणि ज्याच्याकडे बघितलं की बाईंना नाटकाची काळजी वाटते, अशी चार मुलं त्यांनी बाजूला काढली. आम्ही मित्र झालो ते असे. रोज दुपारी आम्ही एका कातड्यात असायचो. कातडं म्हणजे राखाडी रंग दिलेलं गोणपाट. आत गुडूप अंधार. एकमेकांची तोंडं दिसत नसल्यामुळे आम्ही एकमेकांशी अगदी खरं बोलायचो. मला आयुष्यात जे काही कोणी विश्वासानं सांगितलंय ते हत्तीत सांगितलंय.

पुढचा उजवा पाय म्हणजे आताचा डॉक्टर. त्याचा एक हात सोंडेत. सोंड तो इतकी सुरेख हलवायचा, की त्याला तेव्हापासूनच गर्व होता. पुढचा डावा पाय म्हणजे मुनी. हत्तीच्या तोंडाच्या फटीतून बाहेरचं दिसायचं ते फक्त त्याला. त्याला सगळं दिसायचं आणि तो कोणाला काही सांगायचा नाही, म्हणून मुनी. मागचा डावा टेलर. तो तेव्हाही आतल्या आत कुठली शिवण कुठे चुकली ते चाचपत असायचा. मागचा उजवा मी.

चौघांच्या कमरेला एकच दोरी. पुढून एक हिसका आला की थांबायचं, दोन आले की चालायचं. बस, एवढाच कायदा.

नाटकाच्या दिवशी हत्तीनं राजापुढे जाऊन गुडघे टेकायचे होते. अर्ध्या वाटेत आम्हा मागच्यांना एक हिसका आला. आम्ही थांबलो. पुढचे चालत राहिले. पोटाजवळ टर्रकन आवाज झाला आणि पुढचा अर्धा हत्ती राजापुढे जाऊन गुडघे टेकून उभा राहिला. मागचा अर्धा झाडाशेजारी शेपूट हलवत राहिला, कारण शेपूट हलवायचं आम्हाला सांगितलं होतं. प्रेक्षकांनी उठून टाळ्या वाजवल्या. 'हत्ती गेला आणि शेपूट राहिलं' ही म्हण लोक सहज वापरतात. मला ती ऐकवत नाही.

पुढचे म्हणाले, तुम्ही थांबलात. आम्ही म्हणालो, तुम्ही हिसका दिलात. ते म्हणाले, दिलाच नाही. पुढच्यांनी पुढचा भाग नेला, आम्ही मागचा ठेवला, आणि बारा वर्षं गेली. मागचे आम्ही दोघं काही दिवस एकमेकांशी बोलायचो. पण विषय एकच होता, मग तेही थांबलं.

"आणि या तिघांना तू रविवारी आणणारेस," ती म्हणाली.

"तू कारखान्यातली तीन माणसं दे ना उसनी."

"बाबा अर्ध्या किलोतली खोट हातात धरून सांगतात. खऱ्यांनाच आण." आणि कडी लावता लावता म्हणाली, "आण रे नक्की."

म्हणून मी डॉक्टरकडे गेलो. त्याचा दवाखाना छान चालला होता. भिंतीवर आमच्या हत्तीचा पुढचा भाग टांगलेला, सुळ्यांसकट. दाखवायचे दात भिंतीवर आणि खायच्या दातांवर त्याचं पोट. मला बघून त्यानं खुर्चीकडे बोट दाखवलं. मी बसलो, तोंड उघडलं, त्यानं आत आरसा घातला, कापूस घातला, अजून एक काहीतरी वाकडं घातलं, आणि मग बारा वर्षांचं बोलला. मी मध्येच का थांबलो, सोंड त्या दिवशी किती चांगली हलत होती, ती कोणी बघितलीच कशी नाही. मग म्हणाला, "मी येईन. पण थांबणं ही मागच्यांची चूक होती हे आधी कबूल कर. आहे कबूल?"

"आँ," मी म्हणालो.

"बरं झालं मोकळेपणानं बोललास."

टेलरचं दुकान दोन गल्ल्या सोडून. शिलाईमशीनवर राखाडी आच्छादन होतं आणि त्याला शेपूट होतं. तो एका गिऱ्हाइकाचं माप घेत होता. माझ्याकडे बघून त्यानं गिऱ्हाइकाच्याच पाठीवर टेप जोरात ओढला.

"लग्न करतोयस म्हणे."

"तू आलास तर."

"पुढचे येणारेत?"

"येतील."

"चूक कोणाची म्हणतात?"

"तुला माहीतच आहे ते काय म्हणणार."

गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, छाती जरा सैल."

"तुम्ही थांबा हो, इथे हत्तीचं चाललंय." टेलरनं टेप गळ्यात टाकला. "मी येतो. पण आधी हत्ती शिवायचा. फाटकं कापड तसंच ठेवून मी कोणाकडे पाहुणा म्हणून जात नाही. पुढच्या भागासकट इथे या म्हणावं. चारच्या सुमारास."

मुनी बसस्थानकावर काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारतो. ज्या मुलानं शाळेत हजेरीलासुद्धा हात वर केला, तोंड उघडलं नाही, तो आता दिवसभर बोलतो. फक्त दुसऱ्यानं ठरवून दिलेलं बोलतो. मी काचेला तोंड लावून सगळी हकीगत सांगितली. त्यानं मान हलवली नाही. मी निराश होऊन फाटकाकडे निघालो, तेवढ्यात कर्णा वाजला. "कृपया लक्ष द्यावे. रविवारी चारला टेलरच्या दुकानी येण्यात येईल. धन्यवाद." शेजारची एक आजी मला विचारायला लागली, ही गाडी मध्ये थांबते का.

रविवारी चौघं दुकानात जमलो. बारा वर्षांनी. मिठ्या वगैरे मारल्या नाहीत. डॉक्टर पंख्याकडे बघत होता, टेलर डॉक्टरच्या बाहीची शिवण बघून तोंड वाकडं करत होता, मुनी सगळ्यांकडे बघत होता आणि मी घड्याळाकडे.

"ही बाही कोणी शिवली?" टेलरनं शेवटी विचारलं.

"रेडिमेड आहे."

"वाटलंच."

टेलरनं सुईत दोरा ओवला.

"आत शिरा," टेलर म्हणाला. "अंगावर असल्याशिवाय ताण कळत नाही. कमरेला दोरी बांधा, तशीच, पूर्वीसारखी."

आम्ही दोन्ही भाग अंगावर घेतले. गंमत म्हणजे कोणाला जागा सांगावी लागली नाही. आपला पाय ज्याला त्याला ठाऊक होता. माझ्या दोन्ही तंगड्या एका नळीत गेल्या तेव्हा ती नळी आखूड झालेली नव्हती, मीच तेव्हापासून वाढलो नव्हतो. निरीक्षकांना उंचीबद्दल शंका होती ती योग्यच होती.

टेलर आतूनच शिवायला लागला. आधी मधला जोड, मग पोटाखालची शिवण. जाड सुई, पोती शिवायचा दोरा, दुहेरी टाका. अंधारात त्याच्या सुईचा आवाज, डॉक्टरच्या श्वासाचा आवाज, आणि तोच जुना गोणपाटाचा वास. मला तर बरं वाटायला लागलं होतं.

"झालं," टेलर म्हणाला. "आता भीम उतरला तरी फाटायचा नाही. कात्री द्या."

"कोणाला म्हणतोयस?" डॉक्टरनं विचारलं.

सगळे आत होते. कात्री बाहेर टेबलावर होती.

"दातानं तोड," मी म्हणालो.

"दातानं दोरा कोणी तोडणार नाही," पुढून डॉक्टर म्हणाला. "मी इथे असताना तरी नाही. माझ्याकडे निम्मे लोक येतात ते याच कारणानं."

डॉक्टरनं सोंडेतून हात लांबवून कात्री उचलायचा प्रयत्न केला. त्याला दिसत नव्हतं. मुनीला दिसत होतं, पण तो सांगत नव्हता. कात्री सरकली आणि कपाटामागे पडली.

आता टेलरनं तत्त्व काढलं. "असू दे. नाहीतरी मी उसवू देणार नव्हतो. आत्ताच कुठे एक झालाय. तिथे जाऊ, काकांना दाखवू, मग बघू."

"तू असा हत्तीतून मुलीच्या घरी जाणार?" डॉक्टरनं मला विचारलं.

"आत्ता किती वाजले?" मी विचारलं.

मुनी म्हणाला, "कृपया लक्ष द्यावे. पाचला थोडाच अवकाश आहे."

निरीक्षकांच्या घरी उशिरा जाणं म्हणजे वजनात खोट. सुई टेलरच्या हातात होती. आम्ही निघालो.

रस्त्यावर कोणी फारसं विचारलं नाही. हत्ती रस्त्यानं चालला असला, तर लोक बाजूला होतात. हत्तीच्या आतून "अरे माझ्या टाचेवर पाय देऊ नकोस" असं ऐकू आलं, तर लोक आणखी बाजूला होतात. एका फळवाल्यानं मुनीच्या तोंडात केळं घातलं आणि नमस्कार केला. मुनीनं ते खाल्लं. त्याबद्दल मागच्यांना नंतर कळलं. वाहतूक पोलिसानं आम्हाला चौकात अडवलं आणि थोडा विचार करून ट्रकांच्या रांगेत उभं केलं.

इमारतीत लिफ्ट होती. पुढचा भाग लिफ्टमध्ये गेला, मागचा बाहेर राहिला आणि दार मध्ये लागायला आलं.

"परत तेच?" टेलर म्हणाला.

"मग तुम्ही आत या ना."

"जागा कुठाय?"

"तुम्हाला कधीच जागा नसते."

जिन्यानं जायचं ठरलं. मुनी पुकारत होता. "कृपया लक्ष द्यावे. पायरी. पुढे पायरी. त्यानंतरही पायरी." निम्मा जिना ठीक गेला. वळणावर पोचलो आणि कमरेला एक हिसका आला. मी थांबलो. टेलर थांबला. पुढचे चढत राहिले. पोटाजवळचे टाके करकरले.

"थांबलात का?" डॉक्टर ओरडला.

"तू हिसका दिलास म्हणून," टेलर म्हणाला.

"मी दिलाच नाही."

"बारा वर्षं हेच ऐकतोय मी."

"आणि मी बारा वर्षं हेच सांगतोय. मागच्यांना कळतच नाही—"

आणखी एक हिसका आला. या वेळी त्याच्याबरोबर आवाजही आला. "हिक्."

हत्ती स्तब्ध झाला.

"कृपया लक्ष द्यावे," मुनी म्हणाला. "ही उचकी डॉक्टरांची आहे."

 डॉक्टरनं श्वास रोखला. हिक्. पुन्हा माझ्या कमरेला दोरी बसली, बरोब्बर एक, आणि माझा पाय आपोआप घट्ट रोवला गेला.

"मुन्या," टेलर अगदी हळू म्हणाला, "नाटकाच्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशीसुद्धा."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"मी त्याच्या शेजारी होतो."

"मग सांगितलं का नाहीस, लेका?"

"कोणी विचारलं नाही."

बारा वर्षं. मी त्या बारा वर्षांत नोकरीला लागलो, मिशी ठेवली, मिशी काढली. टेलरनं अख्ख्या गावाचे लग्नाचे कपडे शिवले आणि एकाही लग्नाला गेला नाही. आणि हे सगळं एका उचकीवर.

"मला खरंच माहीत नव्हतं," डॉक्टर म्हणाला. "मी आपला सोंड बघत होतो. हिक्. आणि उचकी म्हणजे तरी काय, ती मी लावून घेत नाही. कोणीतरी आठवण काढतं म्हणून लागते."

"तुझी कोण काढणार?" टेलर म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. माझी आठवण काढतील असे तिघेच होते, आणि तिघेही हत्तीत होते. हिक्."

 खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"मी काढत होतो," टेलर म्हणाला. "तू पुढे होतास. अंधारात दिसत नव्हतास. एवढ्या लोकांसमोर गेलोय, हा घाबरला नसेल ना, असं माझ्या मनात आलं होतं. दुसरं मागे करायला होतंच काय."

डॉक्टरनं सोंडेतला हात आत ओढून घेतला. मग म्हणाला, "घाबरलो होतो."

मला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण वळणावर टेलर माझ्या पुढ्यात आला होता, माझं नाक त्याच्या पाठीत होतं आणि ती पाठ हलत होती. रडत होता की हसत होता ते मागून कळत नाही. मागून कधीच काही कळत नाही.

"पण मग आत्ता कोण काढतंय?" मी विचारलं. "आत्ता तर आपण परत सगळे इथेच आहोत."

वरच्या मजल्यावरून आवाज आला. "पाच वाजून गेले. तो दातांचा डॉक्टर येणार होता, त्याचं काय झालं?"

निरीक्षक कठड्याशी उभे होते. एक हात गालावर. त्यांनी खाली बघितलं. खाली हत्ती होता. त्यांनी डोळे चोळले नाहीत की काही नाही. जन्मभर त्यांनी दुकानांतून याहून विचित्र गोष्टी जप्त केल्या असणार. ते पायऱ्या उतरून आमच्यासमोर आले.

"किती जण?"

"चार," मी म्हणालो.

"तीन ठरले होते."

"चौथा मी, काका."

"कुठे आहात?"

"मागे."

"आत कसे गेलात?"

"शिवून."

"बाहेर कसे येणार?"

टेलरनं सुई पाठीमागे लपवली, ती मला टोचली.

"याच्या सूचना कुठे लिहिल्या आहेत?"

"नाही लिहिल्या."

"तुम्ही लिहिल्या असत्या तरी उपयोग नव्हता," निरीक्षक म्हणाले. मग आवाज खाली आणून विचारलं, "यात डॉक्टर कोणते?"

सोंड वर झाली. सोंडेच्या टोकातून पाच बोटं बाहेर आली. "तोंड उघडा," सोंड म्हणाली. निरीक्षकांनी जिन्यात उभं राहून तोंड उघडलं. बोटं आत गेली, इकडे फिरली, तिकडे फिरली.

"वरची दाढ, डावीकडची. कधीपासून दुखतेय?"

"आँ."

"एवढे दिवस अंगावर काढलंत? हिक्. उद्या सकाळी दवाखान्यात या. काढायची गरज नाही, भरता येईल. हिक्."

आता कायदा तुम्हाला माहीत आहे. एक हिसका थांब, दोन चाल. लागोपाठ दोन उचक्या आल्या आणि मागचे आम्ही निघालो. मुनी ढकलला गेला, डॉक्टर ढकलला गेला, निरीक्षक तोंडात बोटं असल्यामुळे उलटे चालत गेले, आणि असा सगळा लवाजमा उरलेल्या पायऱ्या चढून दारातून थेट बैठकीच्या खोलीत शिरला. एक तिपाई पडली. खुर्च्या हलल्या. त्या तशा हलत नव्हत्या, हे त्यांनी आधीच तपासलेलं होतं.

"बाबा, कोण आलंय?" ती आतून म्हणाली. मग पडदा सरकल्याचा आवाज आला.

"चहा टाक," निरीक्षक म्हणाले. "याची उचकी थांबवायला हवी. फिरून दोन आल्या तर भिंत जाईल. कप आत जाणार नाही. बशा काढ."

आणि त्यांनी स्वतः बशी धरून हत्तीच्या तोंडाला लावली. एका दमात, श्वास न घेता, असं बजावलं. मुनी प्याला, डॉक्टर प्याला, उचकी थांबली. मागं बशी पोचली तेव्हा रिकामी होती. ते आम्हाला सवयीचं होतं.

निरीक्षक हत्तीभोवती एक फेरी मारून आले. शिवण बघितली. बोटानं ओढून बघितली. "शिवण कोणाची?"

"माझी, काका," टेलर म्हणाला.

"सरळ आहे."

टेलरनं माझा हात शोधला आणि दाबला.

मग निरीक्षक तिला म्हणाले, "यातला तुझा कोणता?"

 चारही पाय सारखे, चारही राखाडी. मी आतून खोकणार होतो, पण त्यांच्यासमोर खोकणं ही चोरी झाली असती. तिची पावलं हत्तीच्या पुढून निघाली, बाजूनं आली आणि माझ्याजवळ थांबली.

"हा. मागचा उजवा."

"कशावरून?"

"एक मोजा निळा आहे, एक तपकिरी. आणि मघापासून एक टाच दुसरीवर घासतोय. घाबरला की करतो तो असं."

मी घासायचं थांबवलं. मग वाटलं, आता थांबवून तरी काय.

निरीक्षक खुर्चीत बसले. "चौघांपैकी एकालाही साधी गोष्ट सरळ करता येत नाही," ते म्हणाले. "एकाला उचकी कळत नाही, एकाला बोलता येत नाही, एक कात्री बाहेर ठेवून स्वतःला आत शिवून घेतो, आणि हे आमचे लेखक. पण एवढं भांडूनसुद्धा कोणी कोणाला टाकून निघून गेलं नाही."

"आम्ही शिवलेले आहोत, काका," टेलर प्रामाणिकपणे म्हणाला.

"तेच म्हणतोय मी." त्यांनी गालावरचा हात काढला. "शिक्का मारायला हरकत नाही. तू कात्री आण गं."

ती कात्री आणायला वळली. तेव्हा पुढून डॉक्टर म्हणाला, "वहिनी, जरा बसा की. घाई नाही." टेलर म्हणाला, "हो, आत्ताच तर आलोय." मुनी म्हणाला, "कृपया लक्ष द्यावे. थोडा विलंब होत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर नाही."

आम्ही बराच वेळ आत बसून राहिलो. काय बोललो ते सांगता येणार नाही. ते हत्तीतलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी खालील अर्ज दाखल केला. पोच मिळालेली नाही.

प्रति,
माननीय विवाह नोंदणी अधिकारी यांस,

विषय : तीन साक्षीदारांऐवजी एक हत्ती ग्राह्य धरण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, नियमानुसार विवाहास तीन साक्षीदार आवश्यक आहेत. अर्जदाराकडे तीन साक्षीदार उपलब्ध आहेत, तथापि ते वेगवेगळे उभे राहिल्यास त्यांच्यात वाद उद्भवण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब त्यांना एकत्र, आतून शिवलेल्या स्थितीत हजर राहण्याची परवानगी असावी. सदर साक्षीदाराचा मागील उजवा पाय स्वतः वर असल्याने, विवाहसमयी वराने एकाच वेळी वधूशेजारी व साक्षीदारात उपस्थित राहण्यास आपल्या कार्यालयाची हरकत नसावी. साक्षीदाराची सही सोंडेने स्वीकारावी. साक्षीदाराचे छायाचित्र विहित आकारात मावत नसल्याने ते दोन भागांत जोडण्याची सूचना आपल्या लिपिकाने आज सकाळी तोंडी केली. ती कृपया पुन्हा करू नये. तसेच त्या दिवसापुरता आपल्या कार्यालयाचा दरवाजा दोन हात अधिक रुंद करून मिळावा, आणि समारंभ चालू असताना आवारात कोणीही पुढच्या उजव्या पायाची आठवण काढू नये, असा लेखी आदेश सर्व संबंधितांना वेळेत निर्गमित करण्यात यावा, ही विनंती.